त्या शुक्रवारची हरकत

भाऊ, आधी माफी मागतो. तुमच्याविषयी लिहायला मी कोण, हे माझे मलाच नीट सांगता येत नाही. तुमच्याबरोबर तुरुंगात दिवस काढलेली माणसे आहेत, सभागृहात तुमच्या शेजारच्या बाकावर बसलेली आहेत. त्यांनी लिहावे, आणि ती लिहितीलच. मी आमच्या घरातला पहिला शिकणारा. आमच्या गोंडांच्या गावात माणूस गेला की त्याच्या नावाने दगड उभा करतात. कागदावर कोणी काही लिहीत नाही. त्यामुळे असे लेख कसे लिहितात ते मला माहीत नाही. शिवाय मी तुमच्यासाठी लिहून आणलेले प्रत्येक भाषण तुम्ही लाल पेन्सिलीने खोडून परत दिलेले आहे. हे खोडायला तुम्ही नाही, याची मला भीती वाटते.

आणखी एक अडचण आहे. आपले भांडण मिटलेले नव्हते. ज्याचे भांडण मिटले नाही त्याने असे काही लिहावे की नाही, हे कॉलेजात कोणाला विचारावे तेही कळेना. शेवटी वाटले, तुमच्याशीच बोलावे. मी बोलत असताना तुम्ही माझे बोलणे कधी तोडले नाही. फार लांबले तर ताटाच्या काठावर बोट वाजवून म्हणायचात, "घंटा झाली, कालेजवाले."

मी नागपूरला आलो तेव्हा बाने मला एकच पत्ता पाठ करून दिला होता, तुमचा. आमदारांच्या वसतिगृहातली ती खोली. एक खाट, एक स्टोव्ह, दोरीवर वाळत घातलेले धोतर. अधिवेशन चालू असले की मी रविवारी यायचो. तुम्ही भात आणि जवसाची चटणी वाढायचात आणि जेवण झाले की कामकाजाची पत्रिका माझ्यापुढे सरकवायचात. "वाच, उद्या आपल्या नशिबी काय आहे ते." सभागृहात तुम्ही आपल्या वैनगंगेकाठच्या झाडीच्या बोलीतच बोलायचात. एकदा कोणी तरी हसले. तुम्ही थांबलात आणि म्हणालात, "हसा, पन तो वेळ माह्यातून कापू नका, अध्यक्ष महाराज." मग सगळे सभागृहच हसले आणि तुम्हाला आणखी थोडा वेळ मिळाला. ही गोष्ट तुम्ही मला इतक्यांदा सांगितलीत, की मी तिथे होतो असेच आता मला वाटते.

आपले सगळे भांडण वेळेचेच होते.

सभागृह पाच वाजता उठायचे. पण काम उरले की ऐन वेळी कोणी तरी सूचना मांडायचे, आणखी दोन तास बसू या, आणि बहुमताने तसे ठरायचे. ज्यांची बिऱ्हाडे नागपुरात होती त्यांचे त्यात काही बिघडत नव्हते. लांबच्या सदस्यांना संध्याकाळची गाडी गाठायची असे. गाडी चुकली की मूल गावची मोटार चुकायची, मोटार चुकली की वैनगंगा ओलांडायचा डोंगा. ते नाइलाजाने निघून जायचे, आणि मागे उरलेल्यांत कलमामागून कलम मंजूर व्हायचे. तुम्ही त्याविरुद्ध झगडलात. शेवटी सगळ्या बाजूंच्या पुढाऱ्यांनी मान्य केले, की वेळ वाढवायची तर आदल्या दिवशी सभागृहात तसे सांगायचे. ऐन वेळी वाढवायची झाली आणि एकाने जरी हरकत घेतली, तरी पाचला उठायचे. हे कुठे नियमांच्या पुस्तकात छापलेले नव्हते. एकमेकांना दिलेला शब्द होता. सभागृहात आपण एवढे एकच मिळवले, असे तुम्ही हसत सांगायचात, पण सांगताना तुमची मान ताठ व्हायची.

मला ते पटत नव्हते. राज्यशास्त्राचे पुस्तक नुकतेच हातात आलेले. मी म्हणालो, आमच्या गावच्या बैठकीला घड्याळ नसते, सगळ्यांचे बोलून होईपर्यंत कोणी उठत नाही, आणि खरे लोकांचे राज्य तेच. पाचच्या ठोक्याला उठणारे सभागृह म्हणजे कचेरी झाली.

तुम्ही विचारलेत, "तुमच्या गावाकडं वाघ नाई का?"

मी म्हणालो, आहे.

"मंग तुमच्या बैठकीचा अध्यक्ष तोच. दिवस कलला का तो म्हनते, दूरचे उठा. जवळचे बसून राह्यतात."

मी हसलो. तुम्ही हसला नाहीत. तुमच्या लहानपणीची तलावाची गोष्ट तुम्ही मला तेव्हा सांगितलीत. गावच्या तलावाचे पाणी कोणाच्या बांधीला आधी सोडायचे, यावर बैठक बसली होती. तुमच्या वडिलांची धानाची बांधी पार शेवटाला, आणि घरही गावाबाहेर. संध्याकाळी ते उठून घरी आले, कारण गुरे बांधायची होती. त्यांच्यामागे बैठक चालूच राहिली. सकाळी कळले की पाणी वरच्या बांधीवाल्यांनी आपसात वाटून घेतले आणि ठरावही एकमताने झाला. त्या वर्षी तुमच्या बांधीतले धान उभ्याने वाळले. "कोनी खोटं नाई बोललं," तुम्ही म्हणालात. "फक्त बसून राह्यले."

मी त्यावर वाद घातलाच. मी म्हणालो, हा घड्याळाचा प्रश्न नाही, त्या माणसांचा आहे. तुम्ही ताटावर बोट वाजवलेत.

मग बांबूचा ठराव आला. मालगुजारी संपली, जंगल सरकारचे झाले, आणि घरासाठी, कुंपणासाठी, धान्याच्या ढोलीसाठी लागणारा बांबू तोडायला आमच्या लोकांना पास लागू लागला. पास जंगल खात्याच्या डेपोवर मिळायचा. चालत जायचे, साहेब दौऱ्यावर असला की रिकाम्या हाताने परत यायचे, आणि पासाशिवाय तोडला तर चोर ठरायचे. तुमचा ठराव साधा होता: तोडीच्या हंगामात पास गावातच द्यावा. सदस्यांनी स्वतः आणलेले ठराव शुक्रवारीच लागायचे, तेही चिठ्ठी निघाली तर. तुमची चिठ्ठी बऱ्याच अधिवेशनांनी निघाली, आणि निघाली ती अधिवेशनाच्या शेवटच्या शुक्रवारची.

तुम्ही गावाला निरोप दिलात, ऐकायला या. आमच्याकडून दोघे आले. एक माझा बा, आणि दुसरे दसरू गायता, ज्यांच्या तोंडून आमच्या गावाचा शब्द निघतो. दसरू गायतांनी तोपर्यंत नागपूर पाहिले नव्हते. तुम्ही स्वतः त्यांना प्रेक्षकांच्या सज्जात आणून बसवलेत आणि खाली जाताना म्हणालात, "आज तुमचा बांबू या घरात बोलन, गायता."

भाऊ, तो दिवस मला अजूनही नीट आठवू देत नाही, आणि विसरूही देत नाही. तुमच्या आधी गुरांच्या बाजाराचा ठराव होता आणि तो संपता संपेना. एक सदस्य बसला की दुसरा उठे. मी खालची पुस्तकी भाषेतली भाषणे दसरू गायतांना गोंडीत सांगत होतो, मग सांगायचे सोडून दिले. मागच्या बाकांवरची माणसे एकेक करून वाकून नमस्कार करत बाहेर जात होती. ती सगळी लांबची माणसे, गाडीची. तो ठराव संपला तेव्हा पाच वाजत आले होते.

अध्यक्षांनी तुमच्याकडे पाहिले. ते भले गृहस्थ होते. ते म्हणाले, की या सदस्यांचा ठराव फार दिवसांनी लागला आहे, लांबून माणसेही आलेली दिसतात, सभागृहाची हरकत नसेल तर आज अर्धा तास जास्त बसू. मंत्र्यांनीही मान हलवली. कोणी हरकत घेतली नाही. मी हे दसरू गायतांना सांगितले. त्यांनी मुंडासे सारखे केले आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. मग तुम्ही उठलात. मला वाटले, आता सुरू करणार.

"अध्यक्ष महाराज, माही हरकत आहे."

अध्यक्षांना वाटले, तुमचा काही गैरसमज झाला. ते म्हणाले, अहो, तुमच्याच ठरावासाठी वेळ वाढवतो आहोत.

"मले मालूम आहे. पन काल सांगतलं नव्हतं. जे गेले ते माह्याच शब्दावर गेले. त्यायच्या माघारी नको."

कोणी तरी हसले. अध्यक्ष थांबले. तुम्ही हरकत मागे घ्यावी म्हणूनच ते थांबले होते, हे सज्जातूनही दिसत होते. तुम्ही बाकावर हात टेकून तसेच उभे राहिलात. मग सभागृह उठले. अधिवेशन संपले आणि त्याबरोबर ठरावही गेला.

बाहेर पायऱ्यांवर दसरू गायतांनी तुम्हाला विचारले, "काऊन केलं भाऊ असं? तुमचाच होता ना?"

"माहाच होता. म्हनूनच."

"ते गाडीनं गेले, ते काय बांबूच्या विरोधात होते?"

तुम्ही म्हणालात, नाही. असलाच तर एखादा.

"मंग?"

"शब्द देला होता, गायता."

"आमाले बी देला होता," दसरू गायता म्हणाले.

खोलीवर आणून तुम्ही तिघांना पाने वाढलीत. बा खाली मान घालून जेवला. दसरू गायता उंबऱ्याबाहेर बसून राहिले. भूक नाही म्हणाले. आमच्याकडे लांबून आलेल्या माणसाने भूक नाही म्हणणे म्हणजे त्या घराशी नाते तोडणे, हे तुम्हाला माहीत होते. तुम्ही त्यांचे पान झाकून ठेवलेत आणि स्वतःही जेवला नाहीत.

त्यांना गाडीवर बसवून आल्यावर मी तुम्हाला बोललो. जे बोललो ते मी आजही मागे घेत नाही, म्हणून इथे लिहितो. मी म्हणालो, तुम्ही आपले नाव राखलेत आणि आमचा बांबू घालवलात. तो नियम तुमच्यासारख्यांच्या रक्षणासाठी होता, तुमच्यावरच चालवण्यासाठी नव्हता. ज्यांच्यासाठी तुम्ही थांबलात त्यांनी तुमच्या बाजूनेच मत दिले असते.

तुम्ही खाटेच्या काठावर बसून चपला काढत होतात. तुम्ही म्हणालात, "पोट्ट्या, उद्या ते आपल्या माघारी काही पास कराले बसले, तं मी कोन्त्या तोंडानं उठू?"

मी म्हणालो, "आणि तो उद्या आलाच नाही तर?"

"येते. पुढच्या अधिवेशनात येते."

ते आले नाही, भाऊ. राज्यांची फेररचना झाली, नागपूर राजधानी राहिली नाही, आपण मुंबई राज्यात गेलो, आणि ते सभागृह आपल्यापुरते मोडले. ज्या घरात तुम्ही शब्द पाळलात ते घरच राहिले नाही, आणि ज्यांच्यापाशी पाळलात तेही कुठल्या कुठे गेले. वाद मी जिंकलो, असे मला वाटायला हवे होते. तसे काहीच वाटेना.

त्यानंतर मी तुमच्याकडे यायचे बंद केले. तुम्ही मात्र आलात. इंग्रजीत मी नापास झालो होतो आणि गावी परत जायची ट्रंक भरली होती. तुम्ही माझ्या कॉलेजच्या वसतिगृहात आलात आणि त्याच ट्रंकेवर बसलात. म्हणालात, वाच. मी म्हणालो, तुम्हाला इंग्रजी कुठे येते? "मले नाई येत. तू अडखळला का मले कळते ना." मी तास दोन तास वाचत होतो, आणि जिथे अडखळलो तिथे तुम्ही बोट वर करत होतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा आलात. बांबूचा विषय तुम्ही काढला नाहीत, मीही काढला नाही. पुढच्या परीक्षेत मी पास झालो. तुमचे आभार मानायचे तेव्हा राहून गेले. रागात असलेल्या माणसाला आभार मानता येत नाहीत, असे मला त्या वेळी वाटायचे.

मग या वर्षीची वैनगंगेच्या घाटावरची भेट. मी सुटीला गावी निघालो होतो. उन्हातही तुम्ही कानाला उपरणे गुंडाळलेले होते. मी विचारले तर म्हणालात, जरासा ताप आहे. नावाडी डोंगा भरल्याशिवाय सोडायला तयार नव्हता. तुम्ही त्याला म्हणालात, "बाबू, तुह्या सभागृहाची गणसंख्या पुरी होते तरी कधी?" तो म्हणाला, "अजून चार मानसं आन एक बकरी." तुम्ही खूप हसलात, आणि हसता हसता खोकला आला तो थांबेना.

नंतर तुम्ही दसरू गायतांची चौकशी केलीत. अजून रागात आहेत का? मी सांगितले, ते तुमच्याविषयी बोलतच नाहीत. तुम्ही पाण्याकडे पाहत म्हणालात, "शिव्या देत असते तं बरं होतं."

निवडणूक जवळ आली होती. तुम्ही उभे राहणार का, म्हणून मी विचारले. तुम्ही म्हणालात, "तुह्या गावाले विचार. दसरूच्या गावानं होय म्हनलं तं उभा राह्यतो. नाई म्हनलं तं नाई." मी म्हणालो, बाकी सगळी गावे तुम्हाला बोलावताहेत, एका गावासाठी कशाला अडता? तुम्ही म्हणालात, बाकीच्यांना शब्द दिला नव्हता.

आणि मग, भाऊ, तुम्ही मला विचारलेत. "तू काय म्हनतो?"

माणसे आली, बकरी आली, नावाड्याने हाक मारली. मी डोंग्यात चढलो आणि म्हणालो, गावात विचारून सांगतो. तुम्ही काठावरच राहिलात, तुम्हाला पलीकडे यायचे नव्हते. माझे उत्तर तेव्हा मला ठाऊक होते. माझे होय होते. तुम्ही चुकलात असे मी मानतो, अजूनही मानतो. पण सभागृहात आपल्या गावासाठी पाठवायचा माणूस कोण, असे विचारले तर माझ्या डोळ्यांपुढे दुसरे कोणीच येत नव्हते. एवढेच सांगायचे होते. ते सांगायला दोन श्वास लागले असते.

गावात बैठक बसली. नाल्यापलीकडच्या पाड्यांवरचे लोकही आले. दिवसभर एकेकजण बोलला. कोणी म्हणाले, भाऊंनी फसवले. कोणी म्हणाले, आपल्या गावी येऊन जमिनीवर बसणारा आमदार दुसरा दाखवा. एका म्हाताऱ्याने विचारले, दुसऱ्याला पाठवले तर तो पाचच्या पुढे बसेल का? लोक हसले. हळूहळू बैठक होयकडे झुकत होती. दसरू गायता गप्प होते. आमच्याकडे गायता शेवटी बोलतात, त्यांच्यानंतर कोणी बोलत नाही.

ऊन उतरले तसे पाड्यांवरचे लोक उठू लागले. मागच्याच आठवड्यात त्यांच्या वाटेवर वाघाने बैल नेला होता. ते गेले. मला सकाळी परत निघायचे होते आणि तुमच्यासाठी उत्तर न्यायचे होते. मी उभा राहिलो आणि म्हणालो, जवळजवळ सगळ्यांचे होय आहे, आता गायतांनी बोलावे आणि ठरवून टाकावे.

दसरू गायता म्हणाले, "बस खाली. पाड्यावरचे गेले."

मी म्हणालो, त्यांचेही होयच आहे, त्यांच्या तोंडून मी ऐकले आहे.

"मंग उद्या आमी बी ऐकू."

मी चिडलो. भाऊ, तिथेही माझी तीच चिडचिड. बा माझ्या सदऱ्याला धरून मला खाली ओढत होता. दसरू गायतांना त्या शुक्रवारची आठवण होती की आमच्या बैठकीची हीच जुनी रीत होती, हे मी त्यांना विचारले नाही. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हते.

सकाळी सगळे पुन्हा जमले. पाड्यांवरचे लोक नाला ओलांडून आले आणि कडेला बसले. आमच्याकडे आलेल्याला आधी पाणी देतात, आणि गायतांनी विचारल्याशिवाय तो बोलत नाही. पाणी दिले गेले. मी दसरू गायतांकडे पाहत होतो, की ते आता पाड्यांवरच्यांना विचारतील. त्या दिवशी त्यांनी रीत मोडली. कोणाला काही विचारायच्या आधी ते स्वतःच बोलले.

"माह्या मनात होय आहे," ते म्हणाले. "त्याले सांगा, येऊन जेवून जा म्हना."

मला काय वाटले ते मला लिहिता येणार नाही. मी मनातल्या मनात घाटावर पोचलोसुद्धा होतो. दसरू गायतांनी मग पाड्यांवरच्या पुढाऱ्याकडे तोंड वळवले आणि विचारले, तुमचे काय?

तो उठला. पाण्याचा लोटा तसाच भरलेला त्याच्या हातात होता.

"आमचं बी होयच होतं, गायता," तो म्हणाला. "पन आता सांगता कोनाले? पहाटे सडकेवर मोटारवाला भेटला. भाऊ गेले. चांद्याच्या दवाखान्यात, काल सांजेला."